वाईच्या घाटावर रेखाटनाचा हात बसवताना

ढोल्या गणपतीसमोर बसल्या बसल्या थेट शिखर काढायला घेऊ नका, पहिला घोळ तिथेच होतो. हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि शिखराची उंची देवळाच्या रुंदीशी ताडून बघा. कोपर वाकलं की माप बदललंच. मग २बी या मऊ पेन्सिलने फिकट चौकट आणि मध्यरेषा.

खरी परीक्षा पायऱ्यांची. बाजूने पाहिलं तर नजरेखालच्या पायऱ्यांच्या कडा लांब जाताना वर चढतात, एकमेकींजवळ येतात. आपण त्या समांतर ओढतो आणि घाट चपटा पडतो. सावली शेवटी, त्याहून मऊ आणि गडद ६बीने. सकाळीच बसा, दुपारच्या उन्हात आकाराला उठाव राहत नाही. खोडरबर शक्यतो पिशवीतच असू द्या.

शैलीची घाई नको. हाच घाट दहादा काढा: पाच चित्रं दोन-दोन मिनिटांत, पाच अर्ध्या-अर्ध्या तासात. दहाही शेजारी मांडा. प्रत्येक वेळी काय गाळलंत, कुठे रेषा दाबलीत, ते टिपा. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एकच चित्र वीस मिनिटं बघा आणि घरी आठवणीने काढा. जे निसटेल तेच पुढच्या आठवड्याचा सराव.