आइसलँडिक उच्चार: मराठी माणसाने या चुका टाळा

आइसलँडिक शब्द आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात. खरं तर या भाषेचं स्पेलिंग बऱ्यापैकी नियमाला धरून चालतं, आणि तिच्यातले काही ध्वनी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहेत.

सगळ्यात महागात पडते ती थॉर्नची चूक. पी या अक्षराचा दांडा वर वाढवल्यासारखं हे अक्षर दिसतं. इंग्रजी 'थिंक' आपण थाळीतल्या 'थ'ने म्हणतो आणि निभावून जातं. आइसलँडमध्ये निभत नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीचा टी तिथे जवळजवळ आपल्या 'थ'सारखा उच्चारतात आणि डी 'त'सारखा. थॉर्न या दोन्हींहून वेगळा. जिभेचं टोक वरच्या दातांपाशी हलकेच न्यायचं आणि हवा न अडवता घासत सोडायची. हा ध्वनी इथे 'थ़' असा लिहू. आता तीन शब्द म्हणून पाहा: डीने लिहिलेला 'ताउ' म्हणजे बेशुद्धी, टीने लिहिलेला 'थाउ' म्हणजे पायाचं बोट, आणि थॉर्नने लिहिलेला 'थ़ाउ' म्हणजे 'तेव्हा'. जमतंय का हे तपासायला ध्वनी लांबवून बघा. थ़ श्वास पुरेल तोवर ताणता येतो, 'थ' एका झटक्यात संपतो.

डीच्या दांड्यावर आडवी रेघ दिली की एद़ हे अक्षर होतं. थ़ म्हणतानाच घशातून आवाज काढला की त्याचा उच्चार साधतो. शब्दाच्या सुरुवातीला तो कधीच येत नाही.

डीचं जे झालं तेच बी आणि जीचंही. आपल्या ब, द, ग यांसारखे घोष स्पर्शध्वनी आइसलँडिकमध्ये नाहीत. सुरुवातीचा बी 'प' होतो आणि पी 'फ' होतो. हा 'फ' मात्र ओठ पूर्ण मिटून काढायचा, फॅनमधल्यासारखा नको. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद आपण लहानपणापासून करतो, तेव्हा इथे मराठीवर बिनधास्त विसंबा. शब्दाच्या मधल्या टीचं गणित थोडं वेगळं. 'माझं नाव' सांगताना लागणारं 'हेइति' रेक्याविककडे 'त'ने म्हणतात, तर उत्तरेत आकुरेरीच्या बाजूला 'हेइथि' ऐकू येतं. दोन्ही बरोबर.

स्वरांवरची तिरकी रेघ पाहून तिथे जोर देऊ नका. जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावरच (सिलॅबलवरच) असतो. रेघेमुळे स्वरच बदलतो (अक्षरांची नावं इंग्रजीतली घेऊ): रेघेचा ए 'आउ' होतो, ओ 'ओउ', ई 'ये', आणि आय 'ई'. डोक्यावर दोन टिंबं असलेल्या ओसाठी ओठ 'ओ'सारखे गोल ठेवा आणि जीभ 'ए'च्या जागी. साधा ए हा 'आ'च असतो, शेवटीसुद्धा. त्याचा 'अ' करून गिळू नका.

एप्रिल 2010 मध्ये ज्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली, त्याच्या नावाची बातम्यांत फार ओढाताण झाली. ते नाव एइया, फ्यात्ला आणि योकुत्ल असं तीन तुकड्यांत म्हणा ('यो' त्या दोन टिंबांच्या ओचा). दोन एल एकत्र आले की बहुधा 'त्ल' होतो, आणि शब्दाच्या शेवटी त्यातला 'ल' नुसत्या श्वासाचा उरतो. म्हणून मोटारीला 'पीत्ल' म्हणतात. उसन्या शब्दांत आणि लाडक्या नावांत मात्र साधा 'ल' राहतो, जसं 'हालो'. एस आणि एल शेजारी आले तरी मध्ये 'त' शिरतो. देशाचं नावच तिथले लोक 'ईस्त्लांत' असं घेतात.

दुहेरी के, टी, पी आले की आपण 'क्क' करून ठासतो. तसं करू नका. त्यांच्या आधी 'ह'चा उसासा येतो. 'अंतःकरण'मधला विसर्ग नीट म्हणा आणि तोच 'थाह्क'मध्ये, म्हणजे त्यांच्या 'धन्यवाद'मध्ये, वापरा.

बारीकसारीक दोन गोष्टी. एलच्या किंवा एनच्या आधीचा एफ 'प' होतो, म्हणून विमानतळाचं गाव ख्येप्लावीक. एच आणि व्ही एकत्र आले की बहुतेकांच्या तोंडी 'क्व' होतो.

सरावासाठी आइसलँड विद्यापीठाचा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा मोफत अभ्यासक्रम चांगला आहे, आणि रूव या सरकारी वाहिनीच्या बातम्या इंटरनेटवर ऐकता येतात. शब्द आधी दोनदा ऐका आणि मगच त्याचं स्पेलिंग उघडा, म्हणजे इंग्रजी सवय मध्ये येणार नाही.