अमेरिकेतील लहान गाव जनगणनेतून कसे वाचावे

अमेरिकेतील एखाद्या लहान गावात कोण राहते आणि तिथली माणसे पोट कशावर भरतात, हे पाहण्यासाठी तेथील जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकले, की आकड्यांचा ढीग समोर येतो. अडचण असते ती हा ढीग वाचण्याची. उदाहरणादाखल आयोवा राज्यातील स्टॉर्म लेक घेऊ.

सर्वप्रथम लोकसंख्या पाहावी. ही मोजणी दर दहा वर्षांनी 1 एप्रिल ही तारीख धरून होते. स्टॉर्म लेकमध्ये 2010 साली 10,600 आणि 2020 साली 11,269 माणसे नोंदली गेली. वसतिगृहातले विद्यार्थी आईवडिलांच्या गावी न मोजता कॉलेजच्या गावी मोजले जातात. त्यामुळे विद्यापीठ असलेल्या अशा गावात तरुणांचा आकडा फुगलेला दिसला, तर लगेच नवल करू नये. फार लहान वस्तीच्या बाबतीत तर 2020 च्या आकड्यांवर अक्षरशः विसंबू नये, कारण व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांत मुद्दाम थोडा फेरफार केलेला आहे. नेब्रास्कातील मोनोवाय या गावी एकच बाई राहत असताना जनगणनेने तिथे दोन माणसे दाखवली, ती यामुळेच.

कामधंद्याची माहिती मात्र या मोजणीत नसते. ती वर्षभर चालणाऱ्या नमुना पाहणीतून येते आणि 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी पाच वर्षांचे आकडे एकत्र करून दिली जाते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी छापलेली त्रुटीची मर्यादा आधी वाचावी. समजा, एखाद्या व्यवसायात 120 माणसे आणि त्रुटी अधिक-उणे 90 असेल, तर तो आकडा असून नसल्यासारखाच. गाव बदलले का, हे तपासताना 2014 ते 2018 आणि 2019 ते 2023 असे एकमेकांवर न चढणारे कालखंड घ्यावेत.

आयोवा म्हणजे मका आणि डुकरे, असे मनात धरून ‘शेती’च्या ओळीत स्टॉर्म लेकची माणसे शोधणारा फसतो. येथे डुकराच्या आणि टर्कीच्या मांसावर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत, आणि कत्तलखान्यातील कामगार ‘उत्पादन’ या सदरात मोडतो. लाओसमधून आलेले निर्वासित आणि पुढे मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे याच कामाच्या ओढीने येथे स्थिरावली. शिवाय या तक्त्यात गावात राहणारेच येतात. शेजारच्या गावातून रोज कामावर येणारा कामगार त्याच्या स्वतःच्या गावाच्या खात्यावर जमा होतो.

2020 मध्ये ‘हिस्पॅनिक’ (मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेली व्यक्ती) ही वंशापेक्षा वेगळी नोंद होती, त्यामुळे ती टक्केवारी वंशांच्या टक्केवारीत मिळवू नये. बेरीज शंभराच्या वर जाईल. भारतीय माणूस ‘आशियाई’ या वंशगटात येतो. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तक्ताही जरूर पाहावा, पण लहान गावाच्या तक्त्यात मराठी हे नाव शोधत बसू नये: ती ‘इतर इंडो-युरोपीय भाषा’ या रकान्यात जाते, आणि त्यातली मराठी किती हे तिथून वेगळे काढता येत नाही.