पत्रक वाचायला किती सोपं, हे मी कसं मोजते

गेली बारा वर्षं मी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी माहितीपत्रकं लिहिते. पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, ‘काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीत फवारणी वर्ज्य आहे.’ म्हणजे तोडणीआधी ठरलेले दिवस औषध फवारायचं नाही. शेजारच्या काकूंनी ते तीनदा वाचलं आणि विचारलं, “अगं, मग फवारू का नको?” निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल नाकारला जातो. माझ्या एका वाक्यापायी कुणाचा हंगाम जाऊ शकला असता. तेव्हापासून छापण्याआधी मोजते.

सुरुवातीला रुडॉल्फ फ्लेश यांचं इंग्रजी मजकूर किती सोपा हे मोजण्याचं १९४८ सालचं सूत्र लावून पाहिलं. एका वाक्यात सरासरी किती शब्द, ते १.०१५ ने गुणायचं. एका शब्दात उच्चाराचे सरासरी किती ठोके (‘बा-जार’मध्ये दोन), ते ८४.६ ने गुणायचं. दोन्ही २०६.८३५ मधून वजा करायचं. उत्तर ६० च्या पुढे गेलं की मजकूर सोपा. मी वाक्य घेतलं, ‘बुधवारी गंगेवर बाजार भरतो.’ (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात.) शब्द चार, ठोके दहा, उत्तर उणे ८.७! नाशिकचं तिसरीतलं पोरही हे वाक्य न अडखळता वाचेल. इंग्रजीत ‘वर’, ‘साठी’ या अर्थाचे शब्द सुटे आणि छोटे असतात, आपल्याकडे ते नामाला चिकटतात आणि शब्द लांबतो. सूत्र इंग्रजीच्या मापाने बेतलेलं आहे, त्याचे गुण मराठी मजकुराला देऊ नका.

माझी पद्धत अशी. मजकुराच्या मधले शंभर शब्द घ्या. सुरुवातीचे नकोत, तिथे आपण सगळेच जपून लिहितो. त्यात वाक्यं किती, ते मोजा. आठ-नऊ असतील तर ठीक. चारच निघाली तर तोडायला बसा.

मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यातला कर्ता आणि क्रियापद यांच्याखाली रेघ मारा आणि मधले शब्द मोजा. मला सगळ्यात जास्त उपयोग याच मोजणीचा झाला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मध्ये आठापेक्षा जास्त शब्द आले की मी वाक्याचे दोन तुकडे करते. ‘फवारणी करण्यात यावी’ अशा वाक्यात तर कर्ताच गायब असतो. तिथे सरळ ‘फवारा’ लिहा.

जोडाक्षरं मोजण्यात वेळ घालवू नका. ‘द्राक्ष’मध्ये दोन जोडाक्षरं आहेत, पण निफाडमध्ये तो शब्द कुणाला अवघड नाही. ‘वर्ज्य’ मात्र अडतो. शब्द ओळखीचा आहे का, एवढंच पाहा. मी एक वही ठेवली आहे. पिंपळगावच्या बाजार समितीत आणि चहाच्या टपरीवर कानावर पडणारे शब्द त्यात टिपते: भुरी आणि डावणी हे रोग, खरड छाटणी, घड, मणी. वहीत नसलेला शब्द दिसला की त्याच्याभोवती गोल करते. शंभरात पाचाहून जास्त गोल झाले तर पत्रक परत लिहायला घेते. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, तुमच्या वाचकांप्रमाणे बदला.

शेवटची परीक्षा माणसांपुढे. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली रिकाम्या जागांची चाचणी मराठीलाही चालते. दर पाचवा शब्द झाका आणि पाच जणांना भरायला द्या. टेलर नेमका मूळचाच शब्द बरोबर धरत, मी त्याच अर्थाचा दुसरा शब्दही धरते. निम्म्याहून कमी जागा भरल्या गेल्या तर मजकूर अवघड. पण बेरजेपेक्षा चुकलेले शब्द नीट पाहा. गेल्या हंगामात वाक्य होतं, ‘लेबलवर जितके दिवस लिहिले असतील तितके सोडा.’ काकूंनी ‘दिवस’च्या रिकाम्या जागी ‘लिटर’ भरलं. लेबलवर औषधाचं प्रमाण असतं आणि ‘सोडा’ म्हटल्यावर पाणीच आठवतं, म्हणजे त्यांनी वाक्य अगदी नीट वाचलं होतं. मी बदलून लिहिलं: ‘शेवटची फवारणी झाली की दिवस मोजायला लागा. लेबलवर ३० दिवस असतील, तर ३० दिवस पूर्ण झाल्यावरच तोडणी करा.’ काकूंनी ते एकदाच वाचलं आणि कॅलेंडर मागितलं.