लँडस्केप करायचंय? आधी कागदाचं बघा

जलरंगात लँडस्केप, म्हणजे निसर्गचित्र, करायला नव्याने बसणारी मुलं मला आधी रंगांचं विचारतात. कुठल्या कंपनीचे, किती ट्यूबा. मी उलट विचारते, कागद कुठला घेतलाय?

बहुतेकांकडे कार्ट्रिजचं, म्हणजे साध्या ड्रॉइंगच्या कागदाचं, पॅड असतं, कारण ते स्वस्त. मग एप्रिलमध्ये वाईच्या घाटावर अकरा वाजता आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा ओला थर) टाकला की तो खाली उतरेपर्यंत वरचा वाळलेला. मध्येच कडक रेघ उमटते. ती घालवायला पुन्हापुन्हा ब्रश फिरवला की कागदाचा भुसा निघायला लागतो. मुलाला वाटतं, आपल्याला जमतच नाही. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा जाड कागद पाणी धरून ठेवतो. त्यावर झाडी आणि देवळाचा कळस ओल्यातच एकमेकांत सोडता येतात. प्रदर्शनात जे धूसर, ओलसर काम बघून आपण हरखतो, त्यात कागदाचा वाटा मोठा असतो.

परवडत नसेल तर कार्ट्रिजवर तसं काम करायला जाऊच नका. पेनने रेखाटन करा, वर एकाच थरात पातळ रंग द्या. त्या कागदाला ते छान मानवतं. कॉटनचा घ्यायचाच तर सुटी शीट घ्या. फुल शीट २२ बाय ३० इंच असते, तिचे चार तुकडे करा. मागची बाजूही सोडू नका.

रंग थोडेच पुरतात: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल. पहिल्या दोघांत सावल्यांचे सगळे करडे निघतात. अल्ट्रामरीन आज विद्यार्थ्याच्या पेटीत असतो हीसुद्धा पैशाचीच गोष्ट. पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडापासून काढत आणि फार महाग पडे. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी बक्षीस जाहीर झालं, १८२८ मध्ये ते गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला मिळालं. पुढे हा रंग कपड्यांच्या निळीतही गेला! कोबाल्ट हा दुसरा निळा मात्र अजून महागच. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर आत बदली रंग आहे असं समजा. शिकताना चालतो.

थोड्या रंगांची लाज वाटणाऱ्यांनी सतराव्या शतकातला डच चित्रकार यान फान गोयेन बघावा. गिऱ्हाईक म्हणजे साधे शहरी लोक, भाव कमी, त्यामुळे भराभर चित्रं करणं भाग. त्याने मोजके मातकट रंग इतके पातळ लावले की कुठेकुठे खालच्या फळीचे रेषे दिसतात. तो भुरका, दमट हॉलंड असा काटकसरीतून आला. (बुवा ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यातही होता, १६५६ मध्ये वारला तो कर्ज ठेवूनच.)

विकायला लागलात की गणित बदलतं. जलरंगाला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि काच लागते. लहान चित्राची फ्रेम कधीकधी चित्राच्या किमतीशी स्पर्धा करते. वर गिऱ्हाईक विचारणार, “कागदावरच आहे ना?” कॅनव्हासला भाव बरा मिळतो, म्हणून घाटावर जलरंगात काम करणारे कित्येक जण घरी येऊन तोच विषय ॲक्रिलिक रंगांत मोठा करतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त हात जड होतो.

सुरुवातीला सगळी चित्रं फ्रेम करू नका. माउंट करून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, फ्रेम मागणी आल्यावर. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात ती पाकिटं अधूनमधून उघडा, नाहीतर आकाशावर बुरशीचे ठिपके येतात. कुरिअरने पाठवायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिकची पारदर्शक प्लास्टिक शीट लावा.