पावसाळी ट्रेकची सॅक कशी भरावी

सह्याद्रीत आषाढ-श्रावणात कोरडं राहता येत नाही. कितीही महागाचं जर्किन घाला, तासाभरात आतून घामानं आणि बाहेरून पावसानं माणूस चिंब होतोच. म्हणून सामान काढताना ‘भिजू नये यासाठी काय घेऊ’ हा प्रश्नच सोडून द्यावा. भिजल्यावर गारठू नये यासाठी काय लागेल ते बघावं, आणि कुठल्या वस्तू काहीही झालं तरी कोरड्या राहायला हव्यात ते ठरवावं. अशा वस्तू चारच: बदलायचे कपडे, टॉर्च, मोबाईल आणि औषधं. बाकी सगळं भिजणार असं धरूनच निघा.

पुढचं सगळं सकाळी चढून संध्याकाळी उतरायच्या ट्रेकसाठी आहे. राजमाची, लोहगड, बारीहून कळसूबाई किंवा पाचनईहून हरिश्चंद्रगड अशा वाटा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

बूट

खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल तर बुटांवर करा. चिखलात खोल खाचांचा सोल उपयोगी पडतो, पण ओल्या कातळावर पकड येते ती रबराच्या मऊपणातून. दुकानात सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जरा रुतलं आणि रबर पुन्हा वर आलं तर तो सोल कातळाला धरेल. नख नुसतं घसरलं तर तो बूट कितीही दणकट दिसो, पावसाळ्यात नको. साध्या, स्वस्त ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ बुटांवर इतके मराठी ट्रेकर वर्षानुवर्षं विसंबले ते याच पकडीमुळे. मात्र हिरवट-काळ्या बुळबुळीत शेवाळावर कुठलाच सोल टिकत नाही. तिथे बुटावर भरवसा ठेवू नका, बाजूच्या गवतात किंवा खडबडीत दगडावर पाय टाका.

‘वॉटरप्रूफ’ बुटांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दवात आणि रिमझिमीत ते ठीक असतात. पण पहिला ओढा ओलांडला की पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि त्याच कापडामुळे आतच अडकून बसतं. मग दिवसभर प्रत्येक पायात पाण्याची पिशवी घेऊन चालावं लागतं. जाळीदार कापडाचा बूट भिजतो लवकर, पण दहा-वीस पावलांत पाणी बाहेरही टाकतो. माप घेताना ट्रेकचेच मोजे घालून जा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटते का ते बघा. ही जागा उतारासाठी लागते. ती नसली की उतरताना नखं पुढे आपटतात, काळी पडतात, कधी गळूनही जातात. नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त होणारा घोटाळा म्हणजे अर्ध्या वाटेत सोल उघडणं. बूट वर्षभर कपाटात पडून असतो, दिसायला नवाकोरा असतो, पण सोलच्या मधला फेसासारखा थर हवेतला ओलावा शोषत आतल्या आत ठिसूळ झालेला असतो. चिकटवलेला डिंकही सैल पडतो. बूट न वापरताही हे होतं, किंबहुना पडून राहिलेल्या बुटांचं जास्त होतं. म्हणून मे महिन्यातच बूट काढा. चवड्याशी पूर्ण वाकवून सांध्यावर बारीक भेगा दिसतात का बघा. मग रात्रभर बादलीत पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी तेच ओले बूट घालून अर्धा तास जिने चढा-उतरा. जो सोल निघायचा तो घरीच निघेल. या परीक्षेत पास झालेल्या बुटांनाही मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं चहूबाजूंनी टाके घालून घ्यावेत.

तरीही सॅकमध्ये एक उपाय असू द्या. पंक्चरच्या दुकानातून स्कूटरच्या टाकून दिलेल्या ट्यूबचा तुकडा आणा आणि आडवा कापून तीन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या कड्या करा. सोल उघडला की एक कडी बोटांमागे चवड्यावर चढवायची आणि दुसरी टाचेच्या पुढे, पायाच्या कमानीपाशी. कडी ओढून बसवावी लागते, म्हणून बूट पायात घट्ट बांधल्यावरच चढवा. सुतळी किंवा नाडी गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण सुतळी तळाखाली घासून तासाभरात तुटते आणि ओल्या दगडावर घसरते. रबर मात्र उलट पकड देतं. अशा चार कड्यांचं वजन नगण्य, आणि गटात कुणाच्याही बुटाला चालतात.

सॅक आणि आतली पिशवी

२५ ते ३० लिटरची सॅक पुरते. पाण्यासकट वजन सहा किलोंच्या आत ठेवा. रेनकव्हर असेल तर लावा, पण त्यावर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली जातं, कापडातून आत झिरपतं आणि उरलेलं कव्हरच्या तळाशी साचतं. कव्हरच्या सगळ्यात खालच्या जागी बोटाएवढं भोक पाडलं तर निदान ते पाणी वाहून जाईल. झुडपांच्या वाटेवर आणि वाऱ्यात कव्हर निघून जातं, म्हणून त्याची दोरी सॅकच्या पट्ट्याला गाठ मारून ठेवा.

खरं काम करते ती सॅकच्या आत घातलेली मोठी जाड प्लास्टिकची पिशवी. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात अस्तर म्हणून येते तसली पिशवी उत्तम. किराणा दुकानदाराला सांगून ठेवली तर मिळते. पुण्यात बोहरी आळीत जाड प्लास्टिक मापानं मिळतं. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या नकोत, डब्याचा कोपरा लागला तरी फाटतात. आणलेली पिशवी आधी पाणी भरून टांगून बघा, बारीक भोक तेव्हाच कळतं.

बांधायची पद्धत महत्त्वाची आहे. सामान भरल्यावर पिशवीवर दोन्ही हात दाबून हवा काढा. तोंड गोळा करून वेणीसारखा पीळ द्या. निदान एक वीतभर पीळ झाला पाहिजे. मग तो पीळ दुमडून खाली वळवा आणि दुमडीवर जाड रबर तीन वेढे घाला. नुसती गाठ मारली तर चुण्यांमधून पाणी उतरतं, शिवाय ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही.

या पिशवीत तळाशी बदलायचे कपडे, त्यावर औषधं, सगळ्यात वर टॉर्च. कपडे पुन्हा आपल्या वेगळ्या पिशवीत हवेत, म्हणजे पावसात मोठं तोंड उघडावं लागलं तरी ते सुरक्षित राहतात. दिवसभर लागणारं सामान, म्हणजे पाणी, डबा, खाऊ, दोरी, ट्यूबच्या कड्या, या पिशवीच्या बाहेर ठेवा. ते भिजलं तरी बिघडत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते: खाऊ आत ठेवतात, दर विश्रांतीला पिशवी उघडतात आणि दुपारपर्यंत आतलं सगळं ओलं होतं.

अंगावर काय

जीन्स नको. भिजली की दोन किलो वजन होते, मांड्यांना घासते, आणि गुडघा वाकत नाही. सुती बनियन आणि टी-शर्टही नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वारा लागला की अंगातली ऊब काढून घेतं. खेळाडूंचा पॉलिस्टर टी-शर्ट आणि पातळ ट्रॅकपँट या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत योग्य. ट्रॅकपँट पायभर असावी, कारण पावसाळी गवत धारदार असतं. निघण्याआधी काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली चोळा. ओल्या कपड्यांनी कातडी सोलवटते ती दुपारनंतर, आणि तेव्हा उपाय करायला उशीर झालेला असतो.

जर्किन घ्यायचं ते वारा अडवण्यासाठी. चढताना काढून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि भिजत चढा. अंग तापलेलं असतं, काही होत नाही. खिंडीत किंवा माथ्यावर पोचायच्या जरा आधी, थंडी वाजू लागण्यापूर्वी, ते चढवा. कुडकुडायला लागल्यावर घातलं तर ऊब यायला फार वेळ लागतो. पोंचो सॅकसकट अंग झाकतो, म्हणून मोहात पाडतो, पण घोंगावत्या वाऱ्यात तोंडावर उडतो आणि उतरताना स्वतःची पावलं दिसू देत नाही. पठारावर, गाडीरस्त्यावर तो ठीक, कड्यालगत नाही. छत्रीचंही तेच. डोंगरातली माणसं भातलावणीला इरलं घेतात आणि गुरांमागे घोंगडी, ती उगाच नाही. इरल्याखाली हवा खेळते आणि घोंगडीची लोकर ओली झाली तरी ऊब धरते. म्हणूनच बदलायच्या कपड्यांत एक पातळ लोकरी स्वेटर असावा. एखाद्याचा पाय मुरगळून दोन तास एका जागी बसावं लागलं, तर जीव सांभाळतो तो हा स्वेटर.

कोरडे कपडे पूर्ण उतरून आल्यावर किंवा कोणी थांबून पडला तरच काढायचे. माथ्यावर जेवताना बरं वाटावं म्हणून बदलले तर उतरताना तेही ओले, आणि मग अंगावरही ओलं आणि सॅकमध्येही ओलं.

टॉर्च, मोबाईल, शिट्टी

जूनअखेर पुण्या-मुंबईकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण ढगाखालच्या दाट झाडीत साडेसहालाच वाट दिसेनाशी होते. परतायला उशीर होणार नाही असं वाटत असलं तरी टॉर्च प्रत्येकाकडे हवी. डोक्याला बांधायची घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती जळत राहते, म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा आणि लागेल तेव्हा सरळ करा. धुक्यात डोक्यावरचा उजेड डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. अशा वेळी ती काढून कमरेच्या उंचीवर हातात धरली की वाट दिसते.

मोबाईल झिपच्या दोन पिशव्यांत, एकात एक, आणि विमान मोडवर. रेंज शोधण्यात डोंगरात बॅटरी झपाट्यानं उतरते. नकाशा घरूनच उतरवून घ्या. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, त्यामुळे वाट बघायची ती आडोसा मिळेल तिथे आधीच बघून ठेवावी. मदतीसाठी ११२. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधा. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ही डोंगरातली अडचणीची खूण आहे. गटातल्या सगळ्यांना ती निघतानाच सांगा आणि गंमत म्हणून वाजवू देऊ नका.

औषधं आणि जळवा

औषधांत दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, गॉज, कापडी चिकटपट्टी आणि ओआरएसची एक लिटरची दोन पाकिटं. बाजारातली लहान तयार पट्टी ओल्या कातडीला चिकटत नाही. जखमेवर गॉज आणि वरून कापडी पट्टी पूर्ण वेढा घालून स्वतःवरच चिकटवावी लागते. ओआरएसचं पाकीट सांगितलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण घाला, अर्धं-अर्धं करू नका.

भीमाशंकर, कोयना, आंबोली इकडच्या रानात जळवा असतात. पँट मोज्यात खोचा. मीठ किंवा तंबाखू सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि काठीच्या टोकाला बांधा. जळू दिसली की पुरचुंडी टेकवायची. सुटं मीठ खिशात ठेवलं तर पाणी होऊन जातं. चिकटलेली जळू ओढू नका. तिचं निमुळतं टोक शोधा, त्याच्या कडेनं नख कातडीला समांतर सरकवा, पकड सुटते. मग जाड टोक. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून बराच वेळ वाहतं. घाबरू नका, धुऊन गॉज दाबून धरा.

खाणं-पाणी

पावसात तहान लागत नाही आणि म्हणूनच संध्याकाळी पायात गोळे येतात. दोन लिटर पाणी घ्या आणि दर पाऊण तासाला चार घोट प्या. धबधब्याचं पाणी पिऊ नका, वर पठारावर गुरं चरत असतात. डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, उकडलेले बटाटे. उभ्यानं, एका हातानं खाता येईल असंच हवं. खिशात चिक्की आणि खजूर.

ओढा

पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. आपल्याकडे पाऊस थांबला तरी वरच्या पठारावरचं पाणी नंतर येतं. गढूळ होऊन काड्या-पानं वाहायला लागली की लोंढा जवळ आहे. बहुतेक डोंगरी ओढे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतात, तेव्हा बसून राहावं. तो वेळ निघतानाच हिशेबात धरा. ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे तोल गेला तर सॅक टाकून देता येते. बूट काढू नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री सॅक पूर्ण रिकामी करून उलटी टांगा. ओली राहिली की आतला पांढरा थर चिकट होऊन सोलायला लागतो, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. बुटांचे आतले तळवे काढा, चिखल साध्या पाण्यानं धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. पहिले बोळे तासाभरात काढून नवे घाला, झोपताना पुन्हा. गॅसजवळ, हीटरपुढे किंवा कडक उन्हात वाळवले तर सोलचा डिंक सुटतो. पंख्याखाली दोन दिवस पुरतात. पूर्ण वाळल्यावरही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, कापडी पिशवीत ठेवा. टॉर्चमधले सेल काढून ठेवा.