गाऱ्हाणे कागदावर आणताना : कॉलनीच्या नागरी समितीसाठी काही कामाच्या गोष्टी

आमच्या कॉलनीच्या समितीने पहिला अर्ज दिला तेव्हा त्यात अकरा मागण्या होत्या. खड्डे, तुंबलेले गटर, कमी दाबाचे पाणी, बंद पथदिवे, मोकाट कुत्री, खुल्या जागेत कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा असे जे जे संध्याकाळी कट्ट्यावर बोलले जाई, ते सगळे एका दमात चार पानांवर उतरवले होते आणि खाली बेचाळीस सह्या होत्या. ज्या कार्यालयात तो दिला तिथून तो पाच विभागांकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ गेला आणि तीन महिन्यांनी आलेल्या एकमेव उत्तरात ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढेच लिहिलेले होते. राग आला खरा. पण तो अर्ज आज पुन्हा वाचला की निम्मी चूक आमचीच होती हे कबूल करावे लागते. एका अर्जात एकच विषय असावा, तो ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच्याच नावे अर्ज जावा आणि आपल्याजवळच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी, एवढे पाळले असते तर ते तीन महिने वाचले असते.

म्हणून समिती स्थापन झाल्यावर पहिले काम सह्या गोळा करण्याचे नव्हे, तर आपली कॉलनी नेमकी कोणाच्या हद्दीत आहे हे शोधण्याचे. कोल्हापुरात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. महापालिका १९७२ साली अस्तित्वात आली आणि पुढची कित्येक दशके शहराची हद्द तीच राहिली. वस्ती मात्र कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगावच्या दिशेने वाढत गेली. तिथला माणूस पत्ता कोल्हापूरचा सांगतो आणि घरफाळा ग्रामपंचायतीला भरतो. त्यात २०१७ साली शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले, त्यामुळे अशा गावात गटाराची तक्रार ग्रामपंचायतीकडे, तर बांधकाम परवानगीची प्राधिकरणाकडे न्यावी लागते. घरफाळ्याची पावती आणि बांधकाम परवान्याची प्रत समोर ठेवली की कोणते काम कोणाचे हे बहुतेक वेळा दहा मिनिटांत उलगडते. शहराच्या हद्दीत असाल तर गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपले कोणते, हे पाहून रोजच्या तक्रारी तिथल्या उपशहर अभियंत्याच्या नावे द्याव्यात. आयुक्तांच्या नावे दिलेला अर्जही शेवटी त्याच टेबलावर येतो, फक्त चार दिवस उशिरा.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि बहुतेक समित्या इथेच अडकतात : कॉलनीतला रस्ता कोणाचा? जुन्या कॉलन्या मंजूर रेखांकनावर, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या लेआउटवर, वसलेल्या आहेत. रेखांकनात रस्ते आणि खुली जागा दाखवलेली असते, प्लॉट विकले जातात, मूळ मालक किंवा विकसक निघून जातो, आणि रस्ता महापालिकेच्या ताब्यात रीतसर गेलाच नाही असे तीस वर्षांनी लक्षात येते. मग डांबरीकरणाच्या फाइलवर ‘खाजगी रस्ता’ असा शेरा पडतो आणि ती जिथून निघाली तिथे परत येते. तेव्हा मागणी करण्याआधी तीन कागद मिळवावेत : मंजूर रेखांकनाची नगररचना विभागाकडून साक्षांकित प्रत, त्या रि. स. नंबरचा (रिव्हिजन सर्व्हे, म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक) सातबारा किंवा सिटी सर्व्हे झाला असल्यास मिळकत पत्रिका, आणि रस्ता व खुली जागा हस्तांतरित झाल्याचे काही पत्र वा ताबेपावती असल्यास ती. मिळकत पत्रिकेवर रस्त्याच्या तुकड्याला अजून मूळ मालकाचेच नाव असेल, तर पहिला अर्ज डांबरासाठी न देता रस्ता ताब्यात घेण्यासाठी द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यातून लगेच दिसण्यासारखे काही हाती लागत नाही, त्यामुळे सभेत कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण ते झाल्याशिवाय पुढचे काही होत नाही.

खुल्या जागेचे याहून अधिक जपावे लागते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडण्याचा नियम आहे आणि ती जागा त्या रेखांकनातल्या सगळ्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते. तिथे आधी एक पत्र्याची शेड येते, मग शेडला विजेचे कनेक्शन मिळते आणि पाच वर्षांनी तिथे राहणारा माणूस घरफाळ्याची पावती दाखवतो. शेड येते त्याच आठवड्यात, तारीख दिसेल असे छायाचित्र आणि रेखांकनाची प्रत जोडून लेखी हरकत द्यावी. विकास आराखड्यातल्या आरक्षणांवरही असाच डोळा ठेवावा लागतो. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. आपल्या भागातले क्रीडांगण अशा नोटिशीत अडकले आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि विचारावे.

या माहिती अधिकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण समितीच्या हातातले सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट रीतीने वापरले जाणारे साधन तेच आहे. २००५ च्या या कायद्याने हक्क ‘नागरिकाला’ दिला आहे, संस्थेला नव्हे. म्हणून अर्ज समितीच्या लेटरहेडवर न करता एका सभासदाच्या नावे करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय दीडशे शब्दांच्या आत मांडावा. ‘रस्ता इतका खराब का झाला?’ असे विचारल्यास ‘कारणे देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येईल आणि ते नियमाला धरून असेल. त्याऐवजी त्या रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि दोष दायित्व कालावधी (कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) नमूद असलेले करारपत्र यांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे; त्यानंतरचे दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जाते, आणि तिथे वेळ लागतो हे धरूनच चालावे.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, या कायद्यात केवळ कागद पाहण्याचा नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. एका रस्त्याच्या बाबतीत आमच्या हाती अंदाजपत्रक आले तेव्हा त्यात डांबरी थराची जाडी ३० मिलिमीटर लिहिली होती. गटाराच्या कडेला थराची कड उघडी पडली होती, तिथे आमच्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरांनी गुडघे टेकून पोलादी पट्टी उभी धरली. ती विसाच्या आत थांबली. त्यांनी पट्टी हलवून पाच ठिकाणी माप घेतले, प्रत्येक मापाचा पट्टीसह फोटो काढला आणि घरी येऊन रस्त्याच्या एका साध्या रेखाटनावर ते पाचही आकडे लिहिले. आमच्या पुढच्या अर्जात ‘निकृष्ट दर्जा’ हे शब्द कुठेही नव्हते, फक्त ते रेखाटन आणि संयुक्त पाहणीची मागणी होती. पाहणी आठ दिवसांत झाली. दोष दायित्वाची मुदत शिल्लक असल्याने थर पुन्हा टाकावा लागला आणि त्याचा भार सार्वजनिक पैशावर पडला नाही. म्हणून कोणत्याही कामाची ही मुदत कधी संपते ती तारीख समितीच्या वहीत ठळक लिहून ठेवावी आणि संपण्याच्या दोन महिने आधी रस्ता पुन्हा फिरून पाहावा.

नदीकाठच्या आणि नाल्यालगतच्या वस्त्यांना आणखी एक वही हवी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. पण बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना आपल्या गल्लीत ते कोणत्या घराच्या पायरीपर्यंत येते, हे बहुधा कुणी लिहून ठेवलेले नसते. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर असतील तर त्या रंगाने पक्क्या कराव्यात, आणि दर पावसाळ्यात तारीख, बंधाऱ्याची पातळी व गल्लीतल्या ठरावीक खांबावरची पाण्याची उंची अशी तीन रकान्यांची नोंद ठेवावी. याचा एक उपयोग उघडच आहे : कोणते घर कधी हलवायचे हे ठरवता येते. दुसरा उपयोग शेजारच्या शेतात भराव पडू लागतो तेव्हाचा. पूररेषेच्या नकाशात निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो, निळ्या आणि लाल रेषांमध्ये अटींवरच बांधकाम करता येते; त्या नकाशाची प्रत आणि आपली नोंदवही एकत्र दिली, तर ‘पाणी इथे कधी येतच नव्हते’ हा युक्तिवाद टिकत नाही.

बेकायदा बांधकामाची तक्रार हा नाजूक विषय आहे, कारण ते बांधकाम करणारा अनेकदा आपल्याच समितीचा वर्गणीदार असतो. आमचा संकेत असा आहे की, आधी समितीच्या दोन ज्येष्ठांनी त्या घरी जाऊन मंजूर नकाशा पाहायला मागावा. नकाशा दाखवला तर निम्मे वाद तिथेच मिटतात. नाही दाखवला तर नगररचना विभागाकडून त्याची प्रत काढावी आणि नकाशाशी विसंगत असलेला भाग नेमका दाखवून तक्रार द्यावी, तीही समितीच्या ठरावाने. एकट्या सभासदाच्या नावे दिलेली तक्रार वैयक्तिक भांडण ठरवली जाते. डॉल्बीच्या बाबतीत कागदाचा उपयोग आधीच करावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे नमूद करून उत्सवाच्या पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्याला पत्र द्यावे आणि त्याची एक प्रत स्वतः नेऊन तालमीच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती द्यावी. कोल्हापुरात तालीम ही त्या पेठेतली खरी नागरी संस्था आहे. पुराच्या रात्री घरांतून माणसे काढायला तीच पोरे येतात. त्यांच्याशी पहिली भेट तक्रारीच्या निमित्ताने होऊ नये.

पाठपुराव्यासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस, उपयोगी पडतो, मात्र त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मोठ्या कामाची, म्हणजे नवी ड्रेनेज लाइन, नाल्याची संरक्षक भिंत अशांची मागणी दिवाळीच्या सुमारास करावी. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव तेव्हा सुरू होते आणि मार्चमध्ये केलेली मागणी वर्षभर मागे पडते. नगरसेवकांशी संबंध चांगले असावेत, पण सगळी भिस्त त्यांच्या फोनवर ठेवू नये. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात ज्या कॉलन्यांकडे आवक क्रमांकांची फाइल होती त्यांना कोणत्या टेबलावर जायचे हे ठाऊक होते, बाकीच्यांना दार कोणते ठोठवायचे इथपासून सुरुवात करावी लागली.

नोंदणीबाबत घाई करू नये. अर्ज-विनंत्यांसाठी ती लागत नाही. बँक खाते उघडायचे, खुल्या जागेची देखभाल अंगावर घ्यायची किंवा न्यायालयात जायचे असेल तर मात्र किमान सात सभासदांनी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोहोंखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून घ्यावी. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घेणे आले आणि पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज देणेही आले. अनेक संस्थांचे अध्यक्ष वारले तरी नोंदीत अजून तेच अध्यक्ष असतात, आणि हे पहिल्यांदा बँक चेक परत करते तेव्हा कळते.

सचिव बदलताना दप्तराची यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी ते हवाली करावे. मूळ पोहोच असलेल्या प्रती एका घरी आणि त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवाव्यात. नदीकाठची कॉलनी असेल तर दोन्ही वरच्या मजल्यावर.