नव्या गाडीचं इंजिन गेलं तर आधी हे करा

आमची गाडी चार महिन्यांची, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, खडखड आवाज आला आणि बंदच पडली. असं झालं तर परत परत स्टार्टर मारू नका, नुकसान वाढतं आणि मग तुम्हीच चालवत राहिलात म्हणून वॉरंटी नाकारतात. तिथंच मीटरचं रीडिंग, लागलेले दिवे आणि डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल यांचे फोटो काढा, आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सनेच टो करून न्या.

सगळ्यात महत्त्वाचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटरवाले तुमची तक्रार लिहितात तो कागद. आमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने त्यावर नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलं होतं, मी सही केली नाही, 'चालू गाडीत इंजिन बंद पडलं, ऑइलचा दिवा लागला' असं लिहायला लावलं आणि मगच सही केली, कारण पुढं सगळं त्या एका ओळीवर अडतं. इंजिन उघडायच्या आधी खर्च कोणाचा ते लेखी घ्या. फोनवर "बघतो साहेब" म्हणाले की लगेच तेच ईमेलवर टाका, कंपनीच्या कस्टमर केअरलाही कॉपी ठेवा.

तरी टोलवाटोलवी चाललीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, त्यानंतर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत 2 वर्षं आहे, 5 ते 10 लाखांच्या गाडीला फी फक्त 200 रुपये, वकील लागतोच असं नाही. जुने सुटे भाग मात्र फोटो काढल्याशिवाय तिथनं हलू देऊ नका.